हेगच्या न्यायालयांना लागतं ते काम आपण शिकवतच नाही : विधी विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
कुलगुरू, विधी अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य आणि विधी महाविद्यालयांचे प्राचार्य,
महाराष्ट्र आणि गोवा

विषय : आंतरराष्ट्रीय न्यायालयांत लीगल ऑफिसर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी आणि नामनिर्देशन

स. न. वि. वि.

हेग (नेदरलँड्स) आणि हॅम्बुर्ग (जर्मनी) इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कचेरीत, किंवा न्यायाधीशांच्या कार्यालयांत काम करून बाहेर पडलेले आम्ही काही मराठी वकील हे पत्र लिहीत आहोत. सेवेत असताना अशा विषयावर जाहीर लिहायचं तर आधी परवानगी लागते, आणि सेवा सोडली तरी न्यायालयाच्या आतल्या चर्चेबद्दल बोलता येत नाही. त्यामुळे या पत्रातला कामाचा तपशील नियमांत, प्रसिद्ध निकालपत्रांत किंवा न्यायालयांच्या संकेतस्थळांवर कुणालाही वाचता येईल इतकाच आहे. आमचा यातला स्वार्थ सरळ आहे. आपल्याकडची मुलंमुली तिथं यावीत. येत नाहीत असं नाही, पण येतात ती बहुधा परदेशात एलएलएम करून, तिथल्या विद्यापीठाच्या शिफारशीवर. ज्याला ते शुल्क परवडत नाही त्याचा रस्ता आपल्या दारातच बंद होतो. हे पत्र त्या दाराबद्दल आहे.

देशादेशांतले वाद चालवणाऱ्या, हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 'ज्युडिशियल फेलोशिप' नावाचा कार्यक्रम १९९९ पासून चालू आहे. दर वर्षी सप्टेंबरपासून साधारण दहा महिने, जास्तीत जास्त पंधरा तरुण वकील, प्रत्येक जण एका न्यायाधीशाच्या हाताखाली. लीगल ऑफिसरच्या, म्हणजे न्यायाधीशांसाठी संशोधन करून टिपणं लिहिणाऱ्या वकिलाच्या, कामाची याहून चांगली उमेदवारी दुसरीकडे मिळत नाही. या कार्यक्रमाला विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करता येत नाही. विद्यापीठानं नावं पाठवायची असतात, आणि निवड झाली तर विद्यावृत्ती, प्रवास आणि आरोग्य विमा यांचा भारही विद्यापीठानं उचलायचा असतो. विद्यार्थी आम्हाला विचारतात, 'अर्ज कुठं करायचा?' आम्ही सांगतो, विद्यापीठात विचारा. विद्यापीठात उत्तर मिळतं, 'असं काही आमच्याकडे आलेलं नाही.' येणारही नाही. ही सूचना संकेतस्थळावर लागते, टपालानं आमंत्रणपत्रिका येत नाही. ज्या संस्थांनी ही व्यवस्था आधीच बसवली आहे त्यांची आम्ही माफी मागतो. हे पत्र त्यांच्यासाठी नाही.

तक्रारी मांडण्याआधी काम काय असतं ते सांगायला हवं, कारण निम्म्या तक्रारी त्यातूनच निघतात.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात लीगल ऑफिसर दोन जागी असतात. काही रजिस्ट्रीच्या विधी विभागात, म्हणजे सगळ्या न्यायालयासाठी. काही एकेका न्यायाधीशाकडे, बहुतेक संयुक्त राष्ट्रांच्या पगारश्रेणीतल्या पी-२ या कनिष्ठ श्रेणीत. प्रकरण दाखल झालं की पहिला प्रश्न न्याय-अन्यायाचा नसतो, अधिकारक्षेत्राचा असतो. कुठल्या करारातल्या कुठल्या कलमावर अर्ज उभा आहे? तो करार दोन्ही देशांना कोणत्या तारखेपासून लागू झाला? अर्ज दाखल झाला त्या दिवशी तो लागू होता का? त्यातलं काही कुणी स्वतःपुरतं वगळून ठेवलं आहे का? हे चार प्रश्न चुकले तर पुढची हजार पानं फुकट. भारतानं पाकिस्तानचं विमान पाडल्याबद्दल पाकिस्ताननं १९९९ मध्ये भारताविरुद्ध अर्ज केला होता. २१ जून २००० रोजी न्यायालयानं अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो तिथंच थांबवला. न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या १९७४ च्या घोषणापत्रात भारतानं राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळले होते, तेवढं पुरलं. विमान कुठं पडलं, कुणी पाडलं, यावर एक शब्दही बोलायची वेळ आली नाही. ही घोषणापत्रंही बदलतात. भारतानं २०१९ मध्ये नवं दिलं. जुन्या पुस्तकातून जुनं उतरवणारा उमेदवार लेखी चाचणीत इथंच गळतो.

मग लेखी टप्पा. एका देशाचं मेमोरियल, म्हणजे लेखी कैफियत, दुसऱ्याचं तिला उत्तर देणारं काउंटर-मेमोरियल, न्यायालयानं परवानगी दिली तर आणखी एक-एक फेरी. पूर्वी जोडपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे येत. २०२१ मध्ये न्यायालयानं एका पक्षाच्या जोडपत्रांवर एकूण ७५० पानांची मर्यादा घातली. तरी कागद पुष्कळ उरतो. त्या कागदातून लीगल ऑफिसरला दोन गोष्टी काढायच्या असतात : तारीखवार घटनाक्रम, ज्यात प्रत्येक घटनेसमोर जोडपत्राचा क्रमांक आणि पान असतं, आणि कशावर दोन्ही पक्ष एकमत आहेत, कशावर नाहीत, याचा तक्ता.

हा तक्ता दिसतो सोपा, आणि आपले विद्यार्थी नेमके इथं पडतात. जाधव प्रकरण घ्या. ३ मार्च २०१६ पासून कुलभूषण जाधव पाकिस्तानच्या ताब्यात होते आणि २५ मार्चला भारताला कळवलं गेलं, हे वादात नव्हतं. त्यांना कुठून पकडलं, हे मात्र वादात होतं. भारताचं म्हणणं, इराणमधून पळवून नेलं. पाकिस्तानचं म्हणणं, बलुचिस्तानात पकडलं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या प्रकरणावर टिपण लिहायला सांगा. दहातले नऊ जण पहिल्याच ओळीत लिहितील : 'इराणमधून अपहरण झालेले जाधव'. न्यायालयाच्या टिपणात असं वाक्य चालत नाही. 'भारताच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द गाळले की लिहिणारा न्यायालयाचा राहत नाही, पक्षाचा होतो. गंमत अशी की निकालासाठी त्या वादाची गरजच पडली नाही. कळवायला सुमारे तीन आठवडे लावले, 'विनाविलंब' कळवलं नाही, हा परदेशी नागरिकाच्या अटकेबाबतच्या व्हिएन्ना कराराचा भंग सिद्ध करायला दोन वादातीत तारखा पुरल्या. काय सिद्ध करायची गरज नाही, हे ओळखणं याच तक्त्यावरून शिकता येतं.

भाषांतराचा प्रश्न वेगळाच. न्यायालयाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. इतर भाषेतलं जोडपत्र द्यायचं तर नियमावलीच्या ५१ व्या नियमाप्रमाणे पक्षानं स्वतः प्रमाणित केलेलं भाषांतर सोबत लागतं. आपल्याकडच्या किती अध्यापकांना ठाऊक आहे कोण जाणे, पण या न्यायालयात मराठी कागदांचा कीस पडलेला आहे. दादरा आणि नगर हवेलीला जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालनं १९५५ मध्ये भारताविरुद्ध दावा लावला. पोर्तुगालचा आधार १७७९ चा पुण्याचा तह आणि मराठ्यांनी दिलेल्या १७८३ व १७८५ च्या सनदा. तहाच्या वेगवेगळ्या प्रती न्यायालयापुढं आल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मराठ्यांनी दिलं ते महसुलाचं सरंजाम, गावांवरचं सार्वभौमत्व नव्हे. पुढं इंग्रजी अमदानीत ते सार्वभौमत्व मान्य होत गेलं हा भाग निराळा, आणि पोर्तुगालला खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता, फौज-पोलीस-हत्यारांसाठी नव्हता, १९५४ मध्ये वाट अडवून भारतानं काही वावगं केलं नाही, असा निकाल लागला. भारतातर्फे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते नेमलेले, न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात हा खटला शिकवला जातो तो 'दोन देशांपुरती स्थानिक रूढी' या एका ओळीपुरता. परीक्षेत तेवढंच येतं ना!

तोंडी सुनावणीच्या दिवसांत झोप विसरायची. त्या दिवशीच्या भाषणांचं शब्दशः टिपण त्याच दिवशी येतं. त्यात लेखी टप्प्यात नसलेला नवा मुद्दा आला का, नवा कागद मागच्या दारानं आला का (५६ वा नियम), कुणी आधीच्या विधानावरून घसरलं का, हे त्याच रात्री शोधायचं, कारण न्यायाधीशांना प्रश्न विचारायचे असतात. सुनावणी संपल्यावर १९७६ च्या ठरावात घालून दिलेली कामाची पद्धत सुरू होते. अध्यक्ष मुद्दे मांडतात. प्रत्येक न्यायाधीश आपलं लेखी टिपण तयार करतो आणि ते सगळ्यांकडे जातं. चर्चेत सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश आधी बोलतो, ज्येष्ठ शेवटी. मग मसुदा समिती निवडली जाते. मसुद्यावर लेखी दुरुस्त्या येतात, पहिलं वाचन, दुसरं वाचन, मतदान. टिपण न्यायाधीशाचं असतं, मत न्यायाधीशाचं असतं. लीगल ऑफिसर संशोधन करतो, पर्याय मांडतो, तपासतो. आपलं मत घुसडत नाही.

मसुद्याच्या टप्प्यात गोष्टी कशा बिघडतात ते ठाऊक असल्याशिवाय या कामाचा अंदाज येत नाही. दुसऱ्या वाचनात ४७ व्या परिच्छेदानंतर एक नवा परिच्छेद येतो. पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि 'वर परिच्छेद ५२ पाहा' असे सगळे उल्लेख खोटे पडतात. इंग्रजी मजकुरात 'may' चं 'shall' झालं आणि फ्रेंच तसंच राहिलं, तर त्या वाक्यावर पुढची वीस वर्षं वकील पैसे कमावतात. तळटीप एखाद्या न्यायाधीशाच्या स्वतंत्र मताकडे बोट दाखवत असते आणि वाक्य म्हणतं 'न्यायालयानं म्हटलं आहे'. एखादं अवतरण मूळ निकालातून नसून नंतरच्या निकालानं केलेल्या उद्धरणातून आलेलं असतं, आणि मधला अर्धा भाग गळलेला असतो. जाधव निकाल २०१९ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात ४१८ व्या पानापासून आहे. दादरा-नगर हवेलीचा १९६० च्या अहवालात ६ व्या पानापासून, आणि त्याला परिच्छेद क्रमांकच नाहीत, म्हणून पानानं उल्लेख करावा लागतो. हे सगळं तपासायला बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते. पण ती चिकाटी शिकवता येते.

आणि हे सगळं कधी कधी दहा दिवसांत. जाधव प्रकरणात भारताचा अर्ज ८ मे २०१७ चा, सुनावणी १५ मेची, अंतरिम आदेश १८ मेचा. अंतरिम उपायांच्या विनंतीला नियमानुसार बाकी सगळ्या प्रकरणांपेक्षा आधी घ्यावं लागतं. दुसऱ्या टोकाला हवामान बदलावरचं सल्लामत, म्हणजे दोन देशांच्या खटल्याशिवाय मागितलेलं मत. ९१ लेखी निवेदनं, त्यांवर ६२ लेखी प्रतिक्रिया, डिसेंबर २०२४ मध्ये ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटनांचे तोंडी युक्तिवाद, आणि २३ जुलै २०२५ रोजी मत. ती सगळी निवेदनं कुणीतरी मुद्देवार लावली तेव्हाच पंधरा न्यायाधीश त्यावर बोलू शकले. या प्रकरणाचा उगम २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी धरलेल्या आग्रहात आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा बाज वेगळा. तिथं देश नव्हे, माणूस आरोपी असतो आणि पुरावा साक्षीदारांचा. युगांडातल्या बंडखोर संघटनेचा कमांडर डॉमिनिक ओंग्वेन याच्यावर ७० आरोप होते, ४ फेब्रुवारी २०२१ रोजी ६१ सिद्ध झाले. प्रत्येक आरोपाचे कायदेशीर घटक, प्रत्येक घटकाखाली साक्ष, प्रत्येक साक्षीच्या विश्वासार्हतेवर शेरा, असा तक्ता बांधल्याशिवाय हजारावर पानांचं ते निकालपत्र लिहिताच येत नाही. शिवाय कुठलं वाक्य जाहीर, कुठलं गोपनीय, कुठलं फक्त एका पक्षासाठी. संरक्षण दिलेल्या साक्षीदाराच्या गावाचं नाव जाहीर आवृत्तीत राहिलं तर ती छपाईची चूक नसते, कुणाचा तरी जीव धोक्यात असतो. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही, त्यामुळे आपल्या नागरिकांना तिथं वाव कमीच. हॅम्बुर्गच्या सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाचं तसं नाही. भारत संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचा पक्ष आहे, पी. चंद्रशेखर राव तिथं अध्यक्ष होते. हे न्यायाधिकरण तीन-तीन महिन्यांची इंटर्नशिप देतं आणि विकसनशील देशांतल्यांना खर्चासाठी मदतही मागता येते. दोन राज्यांना मिळून एवढा लांब किनारा, आणि आपल्याकडे समुद्राचा कायदा बहुतेक ठिकाणी ऐच्छिक विषयात एक प्रकरण!

आता तक्रारी.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय सक्तीचा आहे. म्हणजे तास आहेत, अध्यापक आहेत, गुण आहेत. पण प्रश्नपत्रिकेत 'आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्रोत स्पष्ट करा' हा प्रश्न आलटून पालटून येतो आणि विद्यार्थी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं ३८ वं कलम पोपटासारखं लिहितो. एखाद्या प्रकरणाची मूळ मेमोरियल उघडून पाहिलेला पदवीधर दुर्मिळ. ती संकेतस्थळावर फुकट आहेत, सुनावणीच्या शब्दशः टिपणांसह. त्यासाठी महागडा डेटाबेस लागत नाही, इंटरनेट पुरतं.

दुसरी तक्रार मूट कोर्टबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धांबद्दल, आणि ही ऐकायला कडू लागेल. मूटवर आपण जीव टाकतो. संघ परदेशी जातो, करंडक काचेच्या कपाटात बसतो, बातमी येते. मूटनं आत्मविश्वास येतो, संशोधनाची सवय लागते, हे खरं. पण मूट शिकवतं एका बाजूनं बोलायला, आपला कच्चा मुद्दा झाकायला. लीगल ऑफिसरला नेमकं उलट करायचं असतं. दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मांडायचा, आणि न्यायाधीशाला आवडणाऱ्या मार्गातला खड्डा त्यांना आधी दाखवायचा. मूटचे विजेते आमच्याकडे आले की पहिले दोन महिने त्यांची वकिली उतरवण्यात जातात. मूट बंद करा असं आम्ही म्हणत नाही. त्यावर जेवढा पैसा जातो त्याचा थोडा भाग लेखी टिपणांवर जाऊ द्या, इतकंच.

तिसरी, फ्रेंच. न्यायालयातल्या जागांच्या जाहिराती दोन्हींपैकी एका भाषेवर प्रभुत्व आणि दुसरीचं कामापुरतं ज्ञान मागतात. विद्यार्थी शेवटच्या वर्षाला जागा होतो आणि तीन महिन्यांत फ्रेंच शिकायला निघतो. ते होत नाही. निकालाचा फ्रेंच मजकूर इंग्रजीशी ताडून पाहता येण्याइतकी भाषा यायला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातली चार सत्रं तरी हवीत. ज्या विद्यापीठाच्या आवारात परकीय भाषांचा विभाग आहे, तिथं विधी शाखेच्या विद्यार्थ्याला त्या वर्गात बसायला वेगळा अर्ज, वेगळं शुल्क आणि वेळापत्रकाची टक्कर का असावी?

चौथी कागदांची. शिफारसपत्रात 'विद्यार्थिनी कष्टाळू व प्रामाणिक असून तिला पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढंच असेल तर निवड करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. तिनं कुठल्या विषयावर, किती शब्दांचं, काय लिहिलं, ते किती वेळा दुरुस्त करून आणलं, टीका कशी घेतली, हे लिहायला हवं. गुणपत्रकांची मोहोरबंद प्रत मिळायला आठवडेच्या आठवडे जातात. ती मिळेपर्यंत मुदत उलटलेली असते. वर्गातला क्रमांक कुठंच छापलेला नसतो, आणि आपले ६२ टक्के म्हणजे उत्तम की साधारण हे परक्या माणसाला कळायला दुसरा मार्ग नाही.

पाचवी पैशाची, आणि ती खरी मेख आहे. नामनिर्देशनासोबत विद्यापीठाला खर्चाची हमी द्यावी लागते म्हणून फाइल पुढं सरकत नाही, असं आम्हाला सांगितलं जातं. अडचण खरी आहे. पण नेमकी हीच अडचण ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं डिसेंबर २०२० मध्ये या फेलोशिपसाठी निधी उभा केला. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांनी नामनिर्देशित केलेल्या उमेदवारांसाठी. संयुक्त राष्ट्रांनी तिजोरी उघडून ठेवली आहे, पण नाव विद्यापीठानंच पाठवायचं आहे. नाव न पाठवता पैसे नाहीत म्हणणं आम्हाला पटत नाही.

या पार्श्वभूमीवर आमच्या मागण्या अशा. त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

प्रत्येक विद्यापीठानं या कामासाठी एक अध्यापक नेमावा आणि त्याचं नाव व ईमेल संकेतस्थळावर टाकावं. फेलोशिप, रजिस्ट्रीतल्या इंटर्नशिप आणि हॅम्बुर्गचे कार्यक्रम यांच्या तारखा त्यानं ऑगस्टमध्येच लावाव्यात. विद्यापीठातल्या निवडीची प्रक्रिया डिसेंबरपर्यंत संपवावी. संलग्न महाविद्यालयांतल्या, म्हणजे लातूर, सोलापूर, कोल्हापूर, मडगाव इथल्या विद्यार्थ्यांनाही त्यात भाग घेता यावा.

निवड मुलाखतीवर किंवा मूटच्या करंडकांवर न करता लेखी चाचणीवर करावी. कशी, ते सांगतो. चालू प्रकरणातली दोन्ही पक्षांची एका मुद्द्यापुरती पन्नास-साठ पानं द्या. चार तास द्या. सहा पानी टिपण मागा : प्रश्न काय, एकमत कशावर, वाद कशावर, प्रत्येक बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, लागू पडणारे आधीचे निकाल पानासकट, आणि शेवटी न्यायाधीशापुढचे पर्याय व प्रत्येकाची किंमत. तपासताना उत्तरपत्रिकेवर नाव नसावं. 'च्या म्हणण्यानुसार' गाळलेल्या प्रत्येक वाक्याला गुण कापा. खोट्या किंवा न तपासलेल्या उल्लेखाला थेट शून्य द्या. आता यंत्राकडून टिपण लिहून घेणारे आहेत, आणि यंत्र बेधडक नसलेले निकाल नसलेल्या पानांवर दाखवतं. तेव्हा प्रत्येक उल्लेख मूळ अहवाल उघडून तपासायची सवय पहिल्या वर्षापासूनच लावायला हवी.

सक्तीच्या पेपरात अंतर्गत मूल्यमापनाचा एक भाग या टिपणाला द्यावा. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत होण्यासारखं हे काम आहे. सुरुवात १९६० च्या निकालापासून करा. मराठी सनदा, इंग्रजी भाषांतर, फ्रेंच निकाल, तिन्ही एका प्रकरणात मिळतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या मोडी जाणणाऱ्या माणसाला एक दिवस वर्गात बोलवा. सीमेचे, पाण्याचे, जमिनीचे वाद जगभर जुन्या कागदांवरच लढले जातात, आणि जुना कागद वाचता येणारा वकील हा आपल्याकडे सहज घडू शकणारा माणूस आहे.

फ्रेंचचे श्रेयांक विधी पदवीत धरावेत. शिफारसपत्र मागितल्यापासून दहा दिवसांत आणि मोहोरबंद गुणपत्रक पंधरा दिवसांत मिळेल असं लेखी जाहीर करावं, आणि गुणपत्रकावर वर्गातला क्रमांक छापावा.

निधीची हमी द्यायला पहिल्या वर्षी जमत नसेल तर किमान नाव पाठवा आणि त्या निधीतून मदतीची विनंती करा. दुसऱ्या वर्षी माजी विद्यार्थ्यांना साद घाला. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या वकिली कार्यालयांत आपले माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांना यासाठी आजवर कुणी विचारलेलंच नाही.

चाचणीसाठी कागद निवडून देणं, नमुना टिपणं तयार करणं आणि नाव झाकलेल्या उत्तरपत्रिका तपासणं, हे काम आम्ही विनामोबदला करू. ज्या विद्यापीठाला हवं असेल त्यानं नेमलेल्या अध्यापकाचं नाव तेवढं जाहीर करावं, पुढचा संपर्क आम्ही करू. बाकीच्यांना विनंती एवढीच की पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि नकार द्यायचा असेल तर तो कारणांसह इतिवृत्तात नोंदवून इतिवृत्त संकेतस्थळावर टाकावं.

कळावे,

आपले,
आंतरराष्ट्रीय न्यायालयांत काम केलेले काही मराठी वकील